नवस मोडणारे बुवा

बुवांचं पवित्र शास्त्रातल्या माणसांशी अगदी घरगुती भांडण होतं. सकाळी अंगणातल्या आरशापुढं दाढी करताना ते नोहाला फैलावर घेत. "जगबुडीसाठी एवढं मोठं तारू बांधलं गा तू. त्यात पाली घेतल्या, विंचू घेतले. शेजारचं एखादं लेकरू उचलून घेता नाही आलं तुले?" गालावरचा साबण वाळत चाललेला, वस्तरा हवेत, आणि नोहा जणू कुंपणापलीकडे मान खाली घालून उभा. मग आतून सारामावशीचा आवाज येई, "अवो, पहिले दाढी करा, मंग बसा भांडत!"

मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून लागले आणि बुवांच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी भिवापूरची, ख्रिस्ती घरातली. गावच्या चर्चमध्ये मी पेटी वाजवायचे, हे ऐकल्यावर बुवांनी भाड्याची बोलणी तिथंच सोडली आणि हार्मोनियम माझ्यापुढं आणून ठेवली. "वाजव वं. खोली कुठं पळून चालली?" म्हणाले. सारामावशी त्यांची बायको. तिनं मला त्याच दिवशी जेवायला बसवलं आणि मी त्या घरची झाले.

बुवा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. काटोलच्या संत्र्यांची खोकी दिवसभर हाताळून त्यांच्या कपड्यांना कायम संत्र्याचा वास येई. पण त्यांची खरी नोकरी रविवारची. आमच्या चर्चच्या मंडळीत कीर्तनाची जुनी चाल होती. धोतर, उपरणं, पेटी, तबला, सगळं इतर कीर्तनासारखं, आख्यान मात्र शास्त्रातलं. बुवा उभे राहिले की मागच्या बाकांवर डुलक्या घेणारी मंडळीसुद्धा सरसावून बसत. त्यांच्या उधळ्या पुत्राचा बाप काटोलकडचा संत्रेवाला असे आणि मुलगा परत येताना दिसल्यावर तो बागेतून चप्पल न घालताच धावत सुटे. "ज्याची गोष्ट सांगायची, त्याच्या घरी आधी जेवून यावं लागते," असं ते म्हणत. आख्यानातल्या माणसानं सकाळी काय खाल्लं, त्याच्या घरात कोण आजारी आहे, हे ठरल्याशिवाय त्यांना तोंड उघडता येत नसे.

बुवांच्या डोक्यावर केस म्हणून नव्हता. गल्लीतली पोट्टी त्यांना "टकलूबुवा" म्हणून चिडवत पळायची आणि बुवा खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढून त्यांना परत बोलवायचे. शास्त्रात एका संदेष्ट्याला पोरांनी असंच टकल्या म्हणून चिडवलं, त्यानं शाप दिला आणि रानातून दोन अस्वलांनी येऊन त्या पोरांना फाडलं, अशी एक हकीगत आहे. बुवांचा तिच्यावर विशेष राग. "मले तर रोजच म्हणतात. मी काय अस्वलं पाळू?" चर्चचे पाळकसाहेब भला माणूस, हसून म्हणायचे, "बुवा, तो काळच वेगळा होता." बुवा लगेच म्हणत, "काळ वेगळा असन साहेब. लेकरू तर असंच होतं ना?" ही थट्टा वर्षानुवर्षं चालली आणि कुणाला तिचं काही वाटलं नाही. मलाही नाही.

मग एका वर्षी कापणीचा सण आला. या सणाला मंडळी शेतातलं, परसातलं जे असेल ते चर्चमध्ये आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. वेदीपुढं कोहळे, संत्र्यांची करंडी, आमच्या भिवापुरी मिरच्यांचं पोतं, पाय बांधलेल्या कोंबड्या, असा सगळा थाट. देवाला कबूल केलेलं द्यावं, अशा अर्थाचं आख्यान पाळकसाहेबांना हवं होतं. त्यांनी बायबलच्या जुन्या करारातली एका सेनापतीची गोष्ट नेमून दिली. लढाई जिंकली तर घरी परतल्यावर दारातून जे पहिल्यानं सामोरं येईल त्याचा होम करीन, असा नवस तो करतो. जिंकतो. आणि दारातून डफ वाजवत, नाचत त्याची एकुलती एक मुलगी येते. सेनापती नवस फेडतो.

बुवा आठवडाभर त्या दाराशी अडले. मुलगी नाचत येई, बाप कपडे फाडी, आणि पुढं काही सरकेना. "शास्त्रात तिचं नावही नाही वं रत्ना," ते मला म्हणाले. "बापाचं आहे, गावाचं आहे, हिचंच नाही." त्यांनी तिचं नाव मंजुळा ठेवलं. मग मावशीला विचारलं, "तुह्या बापानं असा नवस केला असता तर?" मावशी तांदूळ निवडत होती. "माहा बाप? तो नवसात कोंबडी द्यायले तयार नव्हता, मले काय देते!" बुवा हसले, पण त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

सणाच्या दिवशी चर्च गच्च भरलं होतं. मंजुळा डफ घेऊन आली तेव्हा साठीच्या जवळ आलेले बुवा असे नाचले की पुढच्या ओळीतल्या बाया खुदखुदल्या. मग बाप गुडघ्यांवर बसला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही शब्द दिला ना, मग करा." बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या. माझी बोटं पुढच्या करुण चालीसाठी पट्ट्यांवर तयार होती. आणि बुवा थांबले. उपरण्यानं डोकं पुसलं. मग सेनापतीच्या आवाजात म्हणाले, "देवा, नवस माह्या तोंडचा होता. पोट्टी माह्या तोंडची नाही. नवस मोडला. शिक्षा मले दे." थोडा वेळ वर बघत राहिले, जणू उत्तराची वाट बघताहेत. "अन् बाप-लेक घरात गेले. पोट्टीनं पाट मांडले. लढाईवरून आला होता, भूक लागली होती."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी काही विचार न करता नाताळची चाल सुरू केली. तबला लगेच धावून आला. मंडळी टाळ्या वाजवत उठली. पाय बांधलेल्या कोंबड्याही ओरडू लागल्या. आयुष्यात इतक्या आनंदानं मी पेटी कधी वाजवली नाही.

संध्याकाळी पाळकसाहेब आणि मंडळीतले दोन वडीलधारे घरी आले. कुणी आवाज चढवला नाही. पाळकसाहेब म्हणाले, "बुवा, शास्त्र आपल्याला बदलता येत नाही. येत्या रविवारी उभं राहून चूक झाली म्हणा आणि गोष्ट आहे तशी सांगा. नाहीतर मला कीर्तन थांबवावं लागेल."

"एका बापानं होमावर ठेवलेल्या पोराले वाचवायले ऐन वेळी दूत धाडला होता देवानं," बुवा म्हणाले. "ह्या पोट्टीच्या वेळी दूत रजेवर होता काय?"

"प्रभू येशूकडं बघा ना, बुवा. त्यानं तर लेकरांना जवळ घेतलं."

"त्याच्याशी माहं भांडणच नाही. पण त्याचा बाप तोच म्हणता ना तुमी? मंग मी काय करू?"

मावशीनं सगळ्यांना चहा दिला. कीर्तनाशिवाय बुवांचं काय होईल, हा आम्हा दोघींच्या मनातला एकच प्रश्न होता.

रविवारी बुवा धोतर नेसून, उपरणं घेऊन उभे राहिले. म्हणाले, "पाळकसाहेब बरोबर आहेत. शास्त्रात मुलगी मरते. मी खोटं सांगितलं, माफी मागतो. आता लिहिलंय त्याच्यापेक्षा वेगळं सांगणं बरं नाही, अन् लिहिलंय ते मले सांगवत नाही. ते चांगलं आहे असं मी म्हणू शकत नाही. मंग इथं उभं काहून राहू?" त्यांनी उपरण्याची नीट घडी केली, पेटीवर ठेवली, सगळ्यांना सलाम केला आणि बाहेर पडले. परत कधी आत आले नाहीत.

दुसऱ्या रविवारी ते घरी बसून राहतील असं मला वाटलं होतं. पण बुवा छत्री घेऊन तयार. मावशीला चर्चच्या फाटकापर्यंत पोचवलं आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसले. उपासना सुटल्यावर तिला घेऊन घरी. मग हा नेमच झाला. चर्चमधल्या रविवारच्या शब्बाथ शाळेतली पोरं सुटली की आधी टपरीकडं धावत, गोळ्यांसाठी. पलीकडच्या विणकरांच्या वस्तीतल्या देवळानं त्यांना कीर्तनाला बोलावलं, तेव्हा बुवांनी आख्यान कोणतं ते विचारलं. घरी आलेला अतिथी यजमानाच्या लेकराचं मांस मागतो, ते आख्यान निघालं. "मी तिथं बी ताट उलटं करीन," बुवांनी आधीच सांगून टाकलं. देवळाची मंडळी पोट धरून हसली आणि नुसताच चहा पाजून त्यांना परत पाठवलं.

मावशीला मात्र एक धास्ती होती आणि ती तिनं लपवली नाही. "मी वर जाईन अन् हे बाहेरच राहतील. मंग मले तिथं कसं करमन?" बुवा तिची समजूत काढत, "तुले फाटकापर्यंत पोचवून देतो ना. मी समोर बसतो. काही लागलं तर आवाज दे." मावशी हसायची आणि डोळेही पुसायची.

काही वर्षांनी मावशीचं ऑपरेशन आमच्याच दवाखान्यात झालं. आदल्या दुपारी ती घाबरून गेली होती. म्हणाली, "मंजुळेचं सांगा ना जी." पेटी नाही, उपरणं नाही, बुवांनी खाटेशी बसून सुरुवात केली आणि मंजुळा येईपर्यंत उठून उभे राहिले. कुठून कुठून आलेल्या बाया आपापल्या खाटांवर उठून बसल्या. मी हातात थर्मामीटर घेऊन ऐकत राहिले. एकीला राहवलं नाही. "मंग पोट्टीचं काय झालं जी?" तिनं विचारलं. "काय होते?" बुवा म्हणाले. "जेवली." सगळा वॉर्ड हसला. मावशीनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "देवानं बी असंच सांगायले पाहिजे होतं वं."

त्या दुखण्यातून ती बरी झाली. पुढं बरीच वर्षं जगली आणि एका हिवाळ्यात झोपेतच गेली. सगळी मंडळी दफनाला आली होती. बुवा शवपेटीबरोबर कबरस्तानाच्या फाटकापर्यंत चालत आले आणि तिथं थांबले. पाळकसाहेब आता म्हातारे झाले होते. ते मागं वळले, बुवांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बुवा, आज तरी आत या. कुणी काही म्हणणार नाही."

"नको साहेब," बुवा म्हणाले. "मी कुठं बसतो ते तिले माहीत आहे."

आम्ही आत गेलो. मी वळून पाहिलं तेव्हा ते समोरच्या बाकावर बसले होते, मावशीची छत्री मांडीवर घेऊन, कान फाटकाकडं लावून.