अण्णांचा फिका चहा

आजवर कुणालाच सांगितलं नाही, ते आधी सांगतो. माझे थोरले भाऊ, अण्णा, दीड महिन्यापूर्वी हृदयविकारानं गेले. 'कुणाचं ऐकलं न्हाई त्यांनी,' असं वहिनी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. मी शेजारी बसून मान हलवतो. पण अण्णांनी ऐकलं होतं... माझं.

तेलगावच्या आसपास सोयरीक जुळवायची म्हणजे अण्णाच लागायचे. दिवसभर या घरातून त्या घरात, आणि घरोघरी चहा. मध्यस्थानं गोड चहा नाकारला की त्या घराला वाटायचं, काहीतरी बिनसलं. हळूहळू पोट सुटलं, जेवलं की झापड यायची, मान काळी पडली. वहिनी ती दगडानं घासायला लावायच्या आणि वर म्हणायच्या, 'ऊन लागायला तुमी रानात तरी जाता का?'

शेवटी मी त्यांना बीडला नेलं. डॉक्टर म्हणाले, हा मळ नव्हे, आतल्या बिघाडाची खूण आहे. रक्तातली साखर पेशींत शिरायला इन्सुलिन लागतं. अण्णांच्या अंगात ते भरपूर होतं, पण पेशी त्याला दाद देत नव्हत्या, म्हणून शरीर आणखी तयार करत होतं. असंच रेटत राहिलं तर ते थकतं आणि मधुमेह होतो. अण्णांची साखर अजून काठावर होती. पोट कमी करायचं, जेवल्यावर चालायचं, भाकरी घटवून डाळ-उसळ वाढवायची, झोप पुरी घ्यायची, चहा बिनसाखरेचा, शिवाय रोज गोळी. इथून बहुतेकांना मागं फिरता येतं, असंही ते म्हणाले. अण्णा बाहेर आले ते खुशीतच.

त्यांनी सगळं मनावर घेतलं. वहिनींनी फिक्या चहासाठी कान तुटलेला एक पांढरा कप वेगळा काढला. पट्टा एक भोक आत गेला, तो अण्णा येईल त्याला दाखवायचे.

अशात माझ्या मुलीला कडा गावाकडचं स्थळ आलं. बैठकीत अण्णांनी फिका चहा मागितला आणि मुलाच्या मामांनी सहज विचारलं, घराण्यात शुगर आहे का? मी हसून विषय बदलला. पाहुणे गेल्यावर अण्णांना गोठ्याकडे नेलं. म्हणालो, 'लग्न होईस्तोवर गोळी बंद करा. चहा गोडच घ्या. कुणाला गोळी दिसली तर पोरीचं स्थळ जाईल.'

 अण्णा म्हणाले, 'बरं. तुझी पोर ती माझीच हाय.' त्यांनी घरात कारण सांगितलं नाही. कप फडताळात पालथा घातला.

लग्न पार पडलं. पुढे एकदा त्यांनी विचारलं, 'आता जायाचं का बीडला?' मी शिकवतो त्या कॉलेजच्या परीक्षा चालू होत्या. बघू म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. पुढच्या काही वर्षांत मधुमेह झाला, मग हृदयविकार. गोळी सोडल्यानंच हे झालं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, हे मला कळतं. पण मागं फिरायची वाट होती तेव्हा त्यांना मी अडवलं, हेही कळतं.

कप अजून फडताळात पालथाच आहे. परवा तो पुसताना वहिनी म्हणाल्या, 'एवढा हट्टी माणूस...' मी चहा पीत राहिलो.

वहिनी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात. हे छापून यायच्या आधी त्यांच्यासमोर बसून मला सांगायचं आहे, की तो हट्ट अण्णांचा नव्हता. अजून सांगितलेलं नाही.