पाहुण्याची फ्लॉपी

आई गेल्यावर आमच्या घरात सगळ्यात जपायची वस्तू म्हणजे तिने सांगितलेल्या आठवणींची पानं होती, आणि ती कागदावर नव्हती. धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरमध्ये होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सीताबर्डीच्या दुकानांतून सुटे भाग जमवून भावाने ते मशीन उभं केलं होतं. आईला लिहिता येत नव्हतं. दुपारी ती बोलायची, मी टाइप करायची. भावाने मधूनमधून फ्लॉपीवर प्रत काढली होती. पण पत्र्याखालच्या त्या खोलीत मे महिन्याच्या उन्हाने फ्लॉप्या वाकल्या. शेवटची बारा पानं तर कधी फ्लॉपीवर गेलीच नव्हती. आई गेल्यापासून नवीन प्रत काढू, काढू म्हणत आम्ही चार महिने घालवले. खरं म्हणजे ती फाइल उघडायचं धैर्य दोघांतही नव्हतं.

फ्लॉपीतून फ्लॉपीत पसरणारा, मशीनमधलं लिहिलेलं पुसून टाकणारा व्हायरस नावाचा रोग नागपुरात आल्याचं भावाने क्लासमध्ये ऐकलं, तेव्हा त्याने एक युक्ती केली. हार्ड डिस्कला वीज नेणाऱ्या वायरवर, मशीनच्या पाठीमागे, टेबललॅम्पचं असतं तसं छोटं बटन बसवलं. बाहेरची फ्लॉपी आली की आधी मशीन बंद करायचं, ते बटन खाली करायचं आणि आमच्या एका खास फ्लॉपीवरून मशीन सुरू करायचं. त्या फ्लॉपीच्या खाचेवर चिकटपट्टी लावली होती, म्हणजे तिच्यावर कोणाला काही लिहिता येणार नाही. मग पाहुणी फ्लॉपी आत घालायची. तिला जो गोंधळ घालायचा तो ती रिकाम्या घरात घालणार, आणि मशीन बंद केलं की सगळं नाहीसं होणार.

बाबांना हे आवडलं नाही. ते निवृत्त शिक्षक. नरखेड तालुक्यातल्या ज्या गावी ते शिकले तिथल्या शाळेत त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतून मिळायचं, आणि एका मोठ्या घराच्या ओसरीवर त्यांच्यासाठी कान तुटलेला कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. आमच्या घरात पाहुण्याचं म्हणून वेगळं काही नसे, अंथरूणसुद्धा.

"बाहेरून आली म्हणून तिले वेगळी ठेवायची?" ते भावाला म्हणाले. "हे मले सांगू नको."

हे मशीन आहे, माणूस नाही, असं भावाने परोपरीने सांगितलं. बाबा पेपर वाचू लागले.

एका रविवारी मी ग्रंथालयातून परतले तेव्हा बाबांचा एक जुना विद्यार्थी आलेला होता. आता तो कुठल्याशा कार्यालयात कारकून होता. गावच्या वाचनालयाचा अहवाल त्याने कार्यालयातल्या मशीनवर टाइप केला होता आणि गुरुजींकडून शुद्धलेखन तपासून घ्यायला फ्लॉपीच घेऊन आला होता. भाऊ बाहेर गेलेला. दोघं मशीनसमोर बसले होते आणि पडद्यावर, अहवालाच्या ओळींमधून, एक छोटासा ठिपका चेंडूसारखा उड्या मारत होता.

भावाने सांगितलेला रोग तो हाच.

"आमच्या हापिसात तर हा रोज नाचते, गुरुजी," पाहुणा हसत सांगत होता. "साहेब आले तरी थांबत नाही."

बाबाही हसत होते. पाठीमागचं बटन मला दारातून दिसत नव्हतं. पाहुण्यादेखत वाकून बघायचं म्हणजे त्याची फ्लॉपी रोगट आहे असं त्याला तोंडावर सांगणं, आणि तेही बाबांच्या घरात. मी चहा ठेवला. चहा उकळत असताना ती बारा पानं आठवू लागले. मीच टाइप केलेली होती, पण मला दोन ओळींपलीकडे काही आठवेना.

भाऊ आला तो ठिपका बघून तिथेच थबकला. बाबांनी काय केलं ते त्याने हळू आवाजात विचारून घेतलं. बाबांनी गडबडीत आधी पाहुण्याचीच फ्लॉपी आत घालून मशीन सुरू केलं होतं. ते अडलं, तेव्हा ती काढून आमची खास फ्लॉपी घातली होती. तसं केलं की रोग आधीच मशीनमध्ये शिरून बसतो, म्हणून नेमकी हीच चूक करू नका असं भावाने बजावलं होतं. त्याचा हात मशीनच्या पाठीमागे गेला आणि तिथेच राहिला.

"बंद हाय ते," बाबा म्हणाले. "मी पहिले तेच केलं."

भावाने बटन चाचपलं. ते खालीच होतं. मी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला.

पाहुण्याला काही कळेना. बाबांनी त्यालाच सांगितलं, "याच्यात माह्या बायकोचं बोलणं ठेवलं हाय गा. तुह्यामुळं नाही बंद केलं. घरात कोणी आलं की तिले आतल्या खोलीत पडू द्यावं वाटते, तेवढंच."

पाहुण्याने पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाईंच्या हातची भाकर खाल्ली आहे मी," आणि त्याने चहा घेतला. जाताना भाऊ त्याला कार्यालयातल्या फ्लॉप्यांचं काय करायचं ते समजावत फाटकापर्यंत गेला.

संध्याकाळी मशीन बंद करून, थोडं थांबून, भावाने बटन वर केलं. हार्ड डिस्क घरघरली. फाइल होती. त्याने लगेच दोन प्रती काढल्या आणि एक माझ्या कॉलेजच्या कपाटात ठेवायला दिली. मग आम्ही चार महिन्यांत पहिल्यांदा ती पानं उघडली आणि मी मोठ्याने वाचू लागले. छप्पन साली दीक्षेला येताना नेसलेली पांढरी साडी शेजारणीकडून मागून आणली होती, असं आईने सांगितलेलं होतं.

"खोटं बोलते," बाबा म्हणाले. "साडी मी घेऊन आलो होतो. तिले रंग नाही आवडला."

पांढऱ्या साडीचा कसला रंग, असं भावाने विचारलं. बाबा हट्टाने म्हणाले की पिवळसर होती, आणि त्यावरून ती दोन दिवस बोलली नव्हती. ते रागावले होते, आणि किती तरी दिवसांनी नीट बोलत होते. मी पानाच्या तळाशी त्यांचं म्हणणंही टाइप केलं.