परक्या नदीची ओटी

आम्ही निघालो तेव्हा लेकीचं रोटोटुना, हॅमिल्टनचं उपनगर, धुक्यात बुडालेलं होतं. विमानानं देशाच्या दक्षिण बेटावर आणि तिथून मोटारीनं ओटागोच्या डोंगरात गेलो. माझी लेक नंदा हॅमिल्टनला नर्स आहे. जावयांना ड्यूटी होती, म्हणून आम्ही बापलेकच.

मी चौथी शिकलेला, पण जन्मभर बैलगाडी हाकली. म्हणून नंदानं ही सहल काढली. जुन्या काळी विलायतेहून आलेल्या बाया पोराबाळांसकट ज्या वाटेनं गाडीतून गेल्या, त्याच वाटेनं आपणही गाडीतून जायचं. खरं कारण मला ठाऊक होतं. तिला इथलं नागरिकत्व घ्यायचं होतं. म्हणजे आपला पासपोर्ट सोडायचा. "आबा, तुम्ही हो म्हणाल तरच," असं ती म्हणालेली. मी नाही म्हटलं होतं, आणि माझं नाही म्हणजे नाही.

गाडी चार चाकांची, वर कापडाची कमान. पुढं दोन थोराड घोडे, पायांना झुपकेदार केस. लगाम जीन नावाच्या साठीच्या बाईच्या हाती.

"बाई हाकणार?" मी म्हटलं.

"आबा, बसा गपचूप."

माझं म्हणणं नंदानं जीनला सांगितलं, तशी ती खदखदून हसली. "स्वीट ॲज (झकास, हरकत नाही)! भीती वाटत असेल तर चालत ये म्हणावं."

मी बसून राहिलो.

दोन्ही अंगांना टसॉक (कमरेइतकं पिवळं गवत) वाऱ्यानं निजायचं, उठायचं. चाकांच्या आवाजात डोळे जड झाले. मग वाटलं, गाडीच्या कडेनं बाया चालताहेत. घागऱ्यांना चिखल, कडेवर लेकरं, तोंडानं अवाक्षर नाही. मी सरकून जागा केली, तर कुणी बसेना. ढगाची सावली डोंगरावरून उतरली आणि त्यांना घेऊन गेली.

दुपारी बिडाच्या भांड्यात निखाऱ्यांवर भाजलेला पाव मिळाला. आम्ही शेंगांची चटणी काढली. जीननं बोटभर चाटली आणि पाणी पाणी करत नाचली.

पुढं नदी. घोड्यांना ओझं नको म्हणून उतरून पाण्यातून चालायचं. जीन म्हणाली, "माझी खापरपणजी इथूनच उतरली. पाठीला तान्हं बांधून."

"माहेरी परत कधी गेली?" मी नंदाकरवी विचारलं.

"कधीच नाही. बाप गेल्याचंसुद्धा तिला फार उशिरा कळलं."

तेवढ्यात नंदा काठावर वाकली. पर्समधली हळदीकुंकवाची डबी काढली, मूठभर तांदूळ पाण्यात सोडले.

"अगं, परक्या नदीची ओटी भरतात काय?"

"परकी कशी? घराजवळच्या वायकाटो नदीची दर वर्षी भरते मी. ही तिची बहीण."

"दर वर्षी? मला नाही सांगितलंस."

"तुम्ही चिडला असता."

जीननं विचारलं, हे काय चाललंय. नंदानं समजावलं, तशी ती म्हणाली, "तांदूळ चालतील. ईल (वाम मासे) खातील."

आमच्याकडे नवी नवरी पहिल्यांदा गावच्या नदीची ओटी भरते आणि त्या दिवसापासून ती त्या गावची होते. नंदाच्या आईनंही भरली होती. तिनं माहेर सोडलं म्हणून तिला फितूर कुणी म्हटलं नाही. उलट शहाणी म्हटलं. मी चपला हातात घेतल्या. पाणी बर्फासारखं होतं. नंदानं हात पुढं केला, मी धरला नाही. मधल्या धारेत मात्र धरला.

हॅमिल्टनला परतल्यावर म्हटलं, "तुझी ती वायकाटो दाखव." सकाळची वेळ होती. हिरवं, रुंद पाणी काही न बोलता चाललं होतं. लेकीच्या लग्नात व्याह्यांपुढं जोडले होते तसे हात जोडले आणि तेव्हाचंच बोललो, "पोर तुझ्या पदरात घातली बाई. सांभाळ."

माणूस देश सोडतो असं आपण म्हणतो. मला वाटतं, बाया देश सोडत नाहीत, नांदायला जातात. बापानं एवढंच करायचं, वेशीपर्यंत जायचं. माझी वेस जरा लांब निघाली.