सुनेचे हात पाठीमागे

माझी सून सुकन्या मिरजेच्या इस्पितळात बरीच वर्षं नर्स होती. सलाईन लावावं तर तिनेच. पेशंटला पुसणं, भरवणं, कपडे घालणं हे तिथे नातेवाईक करत. मग ती जर्मनीत हॅम्बर्गला गेली. तिथे तेही नर्सकडेच. तिने तेही झपाट्याने सुरू केलं. म्हातारा दिसला की तोंड पुसून, शर्ट चढवून, बटणं लावून मोकळी. मी आयुष्यभर लेथवर उभा राहिलो. झटपट काम करणारा माणूस मला आवडतो. तिच्या वॉर्डाला आवडला नाही.

तिथे शिकवणाऱ्या फ्राऊ पीटरसन म्हणाल्या, "त्याला जमतं ते तू केलंस, तर घरी जाऊन तो काय करेल? हात मागे ठेव."

महिनाअखेरीस परीक्षा होती. वॉर्डातच, खऱ्या पेशंटसमोर. पास झाली तर तिथेही पूर्ण नर्स, नाहीतर मदतनीसच.

सराव माझ्यावर. माझा उजवा खांदा आखडलेला. शिवाय मी तिच्या हॅम्बर्गच्या घरी पाहुणा, चहा हातात मिळेल या हिशेबाने आलेला.

"बाबा, स्वेटर घाला."

"हात वर जात नाही गं. तू ओढ की जरा."

"गेनाऊ, अगदी तेच करायचं नाहीये मला. दुखरा हात आधी, मग डोकं. चहा टेबलावर आहे. निवतोय."

रोज कोमट चहा प्यायलो. खांदा सुटायला लागला, ते मात्र तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडी माझ्याकडे आली असती.

परीक्षेला पेशंट मिळाले हेर ब्रांट. बंदरातले निवृत्त वेल्डर, पक्के बेरकी. सुकन्याच्या चपळ हातांची त्यांना सवय झालेली. पुढचं तिने संध्याकाळी घरी येऊन सांगितलं.

ब्रांटनी शर्टात हात घातले, बटणाशी बोटं नाचवली आणि केविलवाणं तोंड केलं. "आज नाही जमत."

फ्राऊ पीटरसन कोपऱ्यातून बघत होत्या. सुकन्याचे हात निघालेच होते. तिने ते पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले.

"कॉफी खिडकीपाशी आहे, हेर ब्रांट. शर्ट झाला की चालत जाऊ."

"थंड होईल."

"माझे सासरेही हेच म्हणतात."

"मग काय करतात ते?"

"कुरकुरतात. आणि घालतात."

ब्रांटनी बटणं लावली. एक चुकीच्या काजात गेलं. सुकन्याचे हात मागेच. आरशात बघून त्यांनीच ते काढलं, पुन्हा लावलं. कॉफी गार झाली होती. सुकन्या पास झाली.

म्हणून त्या दिवशी चहा मी केला. उतू गेला. गाळताना ओट्यावर सांडला. सुकन्या फडकं घेऊन उठली.

"हात मागे," मी म्हणालो.

ती बसली. ओटा मी पुसला, कप तिच्यापुढे ठेवला. तिने एक घोट घेतला.

"बाबा, साखर विसरलात."

"डबा फळीवर आहे," मी म्हणालो. "निवतोय."