प्रभाकरची तहान

काही घरांत जुनी भांडी साठतात, काहींत वर्तमानपत्रे. आमच्या शहापूरच्या घरात एका कुत्र्याचे किस्से साठले आहेत. हळदीकुंकवाला चारजणी जमल्या की कुणीतरी म्हणतेच, "माई, ते बाटलीचं सांगा ना!" मी म्हणते, बाटलीचे सांगायचे तर आधी पाण्याचे सांगायला हवे. क्रम चुकलेला मला खपत नाही. मी जुनी मॅट्रिक आहे.

प्रभाकर हा आमचा कुत्रा. टायगर, रॉकी असली नावे मला पसंत नाहीत. यांनी हे पिल्लू भल्या सकाळी, सूर्य उगवता उगवता घरी आणले, म्हणून मी त्याचे नाव प्रभाकर ठेवले. 'हे' म्हणजे आमचे यजमान. कचेरीतून निवृत्त झालेले, बोलणे मोजके. अकरा वर्षांत प्रभाकरने घरात एक थेंब सांडला नव्हता. शिस्त कुणाची होती, हे वेगळे सांगायला नको.

नव्वदचे दशक संपत आले आणि एके सकाळी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी ओल दिसली!

*

आता ही ओल कुणाची?

घरात पुरुष दोनच, आणि दोघेही वयस्कर. प्रभाकरवर एकदम आळ घेणे मला न्यायाचे वाटेना. यांना विचारणे तर शक्यच नव्हते. दोन दिवस मी विचार केला आणि तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हटले, "आपल्याला हल्ली… सगळं वेळेवर होतं ना?"

यांनी पेपर खाली केला. "पेन्शन म्हणतेस का? झाली की जमा."

पुढे विचारण्याचा धीर मला झाला नाही. चौथ्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत प्रभाकर उंबऱ्याशी आला, माझ्याकडे अत्यंत शरमलेल्या नजरेने बघू लागला, आणि नाइलाजाने उभ्या उभ्याच मोकळा झाला. मी त्याला रागावणार होते. पण त्याने स्वतःच जाऊन कोपऱ्यात तोंड भिंतीकडे केले!

*

मग मुंग्या आल्या. उंबऱ्यापासून ओटीच्या खांबापर्यंत काळ्या मुंग्यांची सरळ रांग.

आमच्याकडे हिराबाई कामाला येते. सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या पाड्यावरची, अक्षरओळख नाही, पण नजर घारीची. मी तिला खडसावले, "हिराबाई, गूळ सांडलात ना?"

"गूळ कपाटात, कपाटाची चावी तुमच्या कमरेला. मी कुठनं सांडू?"

"मग मुंग्या कशाला आल्या?"

"त्यांना इचारा. माझं काय त्या ऐकत नाय!"

मी कपाट उघडून गूळ पाहिला. ढेप जागेवर होती. मला काहीच उमगेना.

*

प्रभाकर पाणी मात्र बेसुमार पिऊ लागला. भांडे रिकामे करी आणि भांड्याशेजारीच बसून राही. शिवाय वाळतही चालला होता. अखेर त्याला गुरांच्या दवाखान्यात नेले. तिथले डॉक्टर तरुण, म्हशींत रमलेले. म्हणाले, "किती पितो, किती सोडतो, अंदाजे लिहून आणा."

अंदाजे! मी मापाचे भांडे आणले, वही आखली, आठवडाभर दोन्ही रकाने भरले. सोडलेले मोजणे अवघड होते, पण कोणत्या फडक्याने किती टिपले जाते हे मी आधी पाण्यावर तपासून घेतले होते.

डॉक्टरांनी वही वाचली, परत वाचली आणि विचारले, "बाई, हा पितो दोन लिटर आणि सोडतो तीन. याच्या पोटात झरा आहे काय?"

मी थक्क! गणित माझे चुकणे शक्य नव्हते. घरी येऊन बघते तर हे भांड्यात तांब्याने पाणी ओतत होते.

"हे कधीपासून चाललंय?"

"अगं, तो बघतो ना माझ्याकडे," हे म्हणाले.

*

डॉक्टर म्हणाले, लघवी तपासायला हवी. दवाखान्यात सोय नाही, बाजारातल्या लॅबला विनंती करा. योगायोगाने यांचीही वार्षिक तपासणी त्याच आठवड्यात होती.

यांचा प्रश्न नव्हता. प्रभाकरचा मात्र मोठाच होता. मी स्टीलचा डाव घेऊन त्याच्या मागे गेले की तो थबके. मी तोंड फिरवले की तोही फिरवी. कंपाउंडला सात फेऱ्या झाल्या. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "माई, कसलं व्रत गो?"

शेवटी हिराबाईने डाव हातातून काढून घेतला, अंगणात बसून तांदूळ निवडत असल्याचे सोंग केले, आणि काम झाले!

दोन्ही नमुने औषधाच्या सारख्याच बाटल्यांत भरले. एकीवर चिठ्ठी चिकटवून सुवाच्य अक्षरात लिहिले, 'प्रभाकर'. दुसरीवर काय लिहिणार? लग्नाला चाळीस वर्षे झाली. जे नाव मी कधी तोंडाने घेतले नाही, ते हाताने लिहिणार? कोरी ठेवली. एकीवर नाव आहे म्हटल्यावर दुसरी कुणाची, हे कुणालाही कळेल!

हिराबाईने बाटल्या पोचवल्या आणि निरोप दिला, "टोकेकरांच्या घरच्या. येक सायबांची, येक कुत्र्याची."

*

संध्याकाळी रिपोर्ट आले. 'मिस्टर टोकेकर' म्हणून एक: साखर भरपूर. 'टोकेकर, डॉग' म्हणून दुसरा: सगळे स्वच्छ.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. यांना डायबेटिस! आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. आधी पथ्य करा, पंधरा दिवसांनी रक्त तपासू." मी साखर बंद केली, भात बंद केला, आंबा दृष्टीआड केला. हे बिनसाखरेचा चहा औषधासारखा पीत. "मला तर काही होत नाही," एवढेच म्हणत.

"न होणं हेच तर या आजाराचं लक्षण आहे," मी म्हणे. असे कुठे वाचले होते, आता आठवत नाही.

यांच्या वाटचे ग्लुकोजचे बिस्किट मी प्रभाकरला घालू लागले. त्याचा रिपोर्ट स्वच्छ होता ना!

प्रभाकर आणखी खंगला. आणखी पिऊ लागला. आता ओटी, माजघर, एकदा तर देवघराचा उंबरा! गुरांचे डॉक्टर म्हणाले, "रिपोर्टमध्ये काही नाही. म्हातारपण आहे. बाहेर बांधा."

मी त्याच दिवशी धसईला नणंदेला फोन केला. वन्संचे तिथे शेत आहे, मोठे खळे आहे. त्या म्हणाल्या, "द्या पाठवून. खळ्यावर बांधते, करू दे कुठं करायचं ते. नाय तर मीच येते रविवारी जीप घेऊन."

मी यांना सांगितले. यांनी उठून आपली आरामखुर्ची प्रभाकरच्या कोपऱ्यात नेली आणि तिथेच बसले. जेवायला दोनदा हाक मारावी लागली. ताट तसेच परत आले.

अकरा वर्षे जो एक रात्र उघड्यावर झोपला नाही, तो खळ्यावर किती दिवस काढील, हे मलाही कळत होते. पण देवघराचा उंबरा!

*

रविवारी सकाळीच वन्सं आल्या. प्रभाकर जीपमध्ये चढेना, तेव्हा यांनी त्याला उचलले आणि स्वतःही शेजारी जाऊन बसले. उतरेचनात.

मी पदराने डोळे टिपत होते, तेवढ्यात हिराबाई फडके घेऊन ओटीवर आली. "बाय, येक इचारू? साखर सायबांना ना?"

"हो."

"मग मुंग्या कुत्र्याच्या मागं कशाला? सायबांच्या न्हाणीत मी रोज पानी वतते, येक मुंगी नाय!"

म्हणजे रिपोर्टच उलटे झाले होते! मी पदर खोचला. कोऱ्या दोन बाटल्या शोधून दोघांचे नमुने पुन्हा घेतले. अर्ध्या तासात जीप लॅबसमोर उभी. हे आणि प्रभाकर आत बसलेले. मी आणि वन्सं काउंटरवर. मागे दहाबारा माणसांची रांग.

लॅबच्या गृहस्थांनी वही फिरवून दाखवली. "हे बघा, काही चुकलेलं नाही. श्री. प्रभाकर टोकेकर. चिठ्ठीवर नाव होतं, तेच घातलं. प्रभाकर म्हणजे तुमचे मिस्टर ना?"

"प्रभाकर कुत्रा आहे!" मी म्हणाले.

रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला.

"बरं," ते गृहस्थ जपून म्हणाले, "मग मिस्टरांचं नाव काय?"

मी वन्संकडे पाहिले. वन्सं छताकडे पाहू लागल्या. मागून एक म्हातारी म्हणाली, "लाजतेस काय गो? उखाण्यात घे!"

इलाजच नव्हता. मी पदर सारखा केला आणि म्हणाले,

"उजव्या हातात पिशवी, डाव्या हातात छत्री,
बिननावाची बाटली वामनरावांची, ही माझी खात्री!"

टाळ्या पडल्या! इंजेक्शनसाठी रडणारे एक मूलही गप्प झाले.

त्या गृहस्थांनी जुन्या नोंदी खोडल्या, नवीन चिठ्ठ्या घेतल्या. "आता दुसरी बाटली. साखर याची निघाली तर रोजची इंजेक्शनं, पथ्य, सगळं घरच्यांनाच करावं लागेल. नाव पूर्ण सांगा, पुन्हा घोटाळा नको. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव."

मी दाराबाहेर पाहिले. जीपमध्ये दोघेही मान बाहेर काढून माझ्याकडेच बघत होते.

"लिहा," मी म्हणाले. "प्रभाकर वामन टोकेकर."

वन्संनी कपाळावर हात मारला. "म्हंजे मी आत्या झाले! आन् वहिनी, बारशाला मला बोलावलंसुद्धा नाय?"