पोस्टमधली आई

संस्थापक हा शब्द ऐकला की माझ्या कपाळाला आठी पडते. इलाज नाही, पोटापाण्याचा धंदाच तसा आहे. एखादी बडी कंपनी छोट्या कंपनीत पैसे घालणार असली, की त्या छोट्या कंपनीच्या मालकाबद्दल जिथे जिथे जे काही लिहिलेलं आहे, ते खरं की थापा, हे बघायचं काम आमच्या ऑफिसकडे येतं आणि तिथून माझ्या टेबलावर. काय काय वाचलंय मी! पुरस्कार असतो, तो देणारे आधी फी घेतात. मुलाखत असते, ती यानेच पैसे देऊन छापून आणलेली. शिफारस मित्राने लिहिलेली, आणि त्या मित्राची शिफारस यानेच. हाताची घडी घातलेला फोटो मात्र झाडून सगळ्यांकडे. एवढी कसली थंडी वाजते यांना, देव जाणे.

त्यातही डोकं उठतं ते गरिबीच्या गोष्टींनी. हल्ली श्रीमंत व्हायच्या आधी गरीब असणं सक्तीचं झालंय. बाप बँकेत मॅनेजर होता म्हटलं तर कोण टाळ्या वाजवणार? म्हणून मग कंदील, अनवाणी पाय, शिळी भाकरी. भर पेठेत वाढलेली पोरं कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून आलेली असतात. मी असलं वाचते, चहा मागवते आणि तपासायला बसते.

तर असला एक नमुना आमच्याच घरात जावई म्हणून यायला निघाला होता.

माझी धाकटी बहीण पुण्याजवळ मांजरी गावात राहते. तिचा नवरा तिथलाच, उसाच्या शेतीवाल्या घरातला. त्यातल्या निम्म्या जमिनीवर आता बिल्डरच्या इमारती उभ्या आहेत. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, चांगल्या आयटी कंपनीत नोकरीला. लग्नाच्या साइटवरून स्थळ आलं, 'संस्थापक आणि सीईओ'. दोघं दोनदा कॉफी प्यायली. दुसऱ्या कॉफीला त्याने तिला सांगितलं, नोकरी सोड, माझ्या कंपनीत सहसंस्थापक हो, साखरपुडा आणि ती घोषणा एकदमच करू. पोरगी हरखली. सोमवारी राजीनामा द्यायचा, असं ठरलंसुद्धा.

मुलाच्या आईला भेटू या म्हटलं, की तो म्हणे, "आई फार साधी आहे हो, लोकांत बुजते."

बहीण तर त्याची एक पोस्ट वाचून रडली होती. पोस्ट इंग्रजीत, भाचीने तिला मराठीत सांगितली. माझी आई लोकांकडे धुणंभांडी करायची, तिच्या हातांवरच्या भेगा हीच माझी पहिली गुंतवणूक. भेगांची गुंतवणूक! आणि शेवट काय, तर आईला इंग्रजीचं अक्षर कळत नाही, त्यामुळे ती हे कधीच वाचणार नाही. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग.

मी म्हटलं, मला घर बघू दे. मेहुणे वैतागले. "ताई, पोरगा मातीतला हाय. उगं खोट काढत बसू नका."

"खोट काढायचाच पगार मिळतो मला," मी म्हटलं.

भाची म्हणाली, "मावशी, तो जेन्युइन आहे. सगळ्यांकडे ऑफिसच्या केससारखं नको ना बघूस."

त्याच्या वेबसाइटवर पुणे, दुबई, सिंगापूर अशी मुख्यालयं होती. सरकारदरबारी नोंदवलेला पत्ता मात्र एकच, नारायण पेठेतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. ही नोंद कुणालाही बघता येते, फक्त बघायचे कष्ट कुणी घेत नाही. शनिवारी सकाळी भाचीला घेतलं आणि जाऊन बेल वाजवली.

दारावर पाटी होती. बाईंचं नाव आणि खाली, 'निवृत्त मुख्याध्यापिका'. भाची ती पाटी वाचतच राहिली. मला वाटलं, मजला चुकला.

दार उघडलं. सुती साडी, चष्मा, ताठ मान. "आपण?"

"आपल्या चिरंजीवांच्या स्थळासंदर्भात आलोय."

"कुठलं स्थळ?" मग भाचीकडे बघून म्हणाल्या, "अच्छा. या. चपला बाहेर."

बाहेरच्या खोलीत शाळेच्या निरोप समारंभाचा फोटो होता, कपाटभर इंग्रजी पुस्तकं होती. आत कामाच्या ताई भांडी घासत होत्या, त्याचा आवाज येत होता. त्या आवाजाने मला तर तिथेच हसू फुटायच्या बेतात होतं. पण भाचीकडे बघितलं आणि हसू आवरलं. पोरीचा चेहरा पडला होता.

तिने हळूच विचारलं, "तुम्ही कुठला विषय शिकवायचात?"

"इंग्रजी," बाई म्हणाल्या. "का हो?"

भाचीने मोबाइल पुढे केला. बाईंनी चष्मा सारखा केला आणि पोस्ट वाचली. बोटाने ती परत वर सरकवली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"लिहिलंय चांगलं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडेच शिकला ना."

आत एक भांडं पडलं, तशी बाईंनी मान तिकडे वळवली.

"धुणंभांडी करण्यात कमीपणा नाही. पण मी नोकरी केली ती शाळेत. शाळेतून आले की याचा अभ्यास घ्यायचा, रोज. यानं जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही." त्यांनी मोबाइल आणखी लांब सारला. "शाळेतली बाई आई म्हणून पुरली नाही होय त्याला?"

असा संताप आला म्हणून सांगू! शेकडो थापा पकडल्यात मी, पण जिच्या जिवावर थाप मारली तिच्यासमोर बसायची वेळ कधी आली नव्हती.

बाई भाचीकडे वळल्या. "तू नाही म्हण. कारण विचारलं तर सांग, घरी जाऊन आलो, तुमच्या पोस्टमधली आई तिथे राहत नाही. आणि जायच्या आधी, तो पोस्ट टाकतो तिथे खातं कसं उघडतात, तेवढं मला दाखव."

सोमवारी राजीनामा काही गेला नाही. नकार गेला, बाईंच्याच शब्दांत.

गड्याला शरम वाटली असेल, असं तुम्हाला वाटतंय? छे! आठवड्याभरात नवी पोस्ट आली. हाताची घडी, नजर आभाळाकडे. 'एका श्रीमंत घराने मला नाकारलं. कारण माझी आई भांडी घासायची.' खाली हा लोंढा! खचू नका सर, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत, अशा माणसांची लायकी काय. मेहुण्यांचा फोन आला, "ताई, आपल्यालाच व्हिलन केला की हो यानं!" ऑफिसातल्या दोघींनी तर भाचीलाच ती पोस्ट पाठवली होती, वाच म्हणून.

दुपारनंतर तिचा मला मेसेज आला, "मावशी, कमेंट्स बघ."

बघितल्या. फोटो नसलेलं एक नवं खातं, त्यावरून स्वच्छ इंग्रजीत चार ओळी:

'मी याची आई. निवृत्त मुख्याध्यापिका, विषय इंग्रजी. आज आमच्या कामाच्या ताई आलेल्या नाहीत. भांडी पडली आहेत, घरी येऊन घास.'