तो फोन तुझा नव्हता

हे कागदावर लिहून तुझ्या हातात देते आहे, कारण तोंडी सांगितलेलं तुझ्यापाशी चहा संपेपर्यंतही टिकत नाही. आज सकाळी पुन्हा तेच. पलंगाच्या कडेला बसून डोळे पुसत होतीस. "वहिनी, मी त्या पोरीला फोन केला नसता तर ती आज धडधाकट चालली असती हो." मी म्हटलं, अगं, तू केलाच नव्हतास. तर माझ्याकडे असं पाहिलंस, जणू डोकं माझंच फिरलंय.

"तुम्हांला काय माहीत?" म्हणालीस.

मला सगळं माहीत आहे. चष्मा लाव आणि वाच. मध्येच उठून खिडकीपाशी जाऊ नकोस.

तू गाडी चालवायला शिकवायचीस. माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, पदवीधर, ऑफिसातली चांगली खुर्ची सोडून तू एक जुनी गाडी घेतलीस, तिला तुझ्या बाजूला दुसरा ब्रेक बसवून घेतलास आणि टपावर पाटी लावलीस. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. "बाईमाणूस परक्या पोरांना रस्त्यावर घेऊन फिरणार!" तू म्हणालीस, "आई, फिरवणार पोरं, मी नुसती शेजारी बसणार." मुलं तुला ब्रेकबाई म्हणायची. तोंडावर मॅडम, पाठ वळली की ब्रेकबाई. तुला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही, नाही म्हणू नकोस.

तुझ्या उजव्या चपलेचा तळ नेहमी डावीच्या आधी जायचा. पाय सतत ब्रेकवर. जेवायला बसलीस तरी टेबलाखाली दाबायचीस. टीव्हीत कुणी वळणावर गाडी जोरात घातली की खाली धप्प आवाज. माझा नवरा म्हणायचा, "हिला सोफ्यालाही ब्रेक लावून द्या."

पुढे हातोहाती फोन आले आणि शाळा तुला बोलवायला लागल्या, मोठ्या मुलांना दोन शब्द सांगा म्हणून. तू चेंदामेंदा झालेल्या गाड्यांचे फोटो दाखवायचीस. पोरं जांभया द्यायची. एकाने तर हात वर करून विचारलं, "मॅडम, ती निळी गाडी कुठल्या कंपनीची?" घरी येऊन तू पिशवी आपटलीस. "यांना वाटतं, मेलेली सगळी माणसं मूर्ख होती आणि हे हुशार आहेत."

मग शिवणवालीच्या मुलीचं झालं.

चौकातलं ते शिवणाचं दुकान. खिडकीत मशीन, गळ्यात टेप टाकलेली शिवणवाली आणि तिची एकुलती एक मुलगी. बाप नाही. तू शिकवलेल्यांत सगळ्यात सावध पोर. "आरशात बघितल्याशिवाय श्वाससुद्धा घेत नाही," असं तूच कौतुकाने सांगायचीस. लायसन्स हातात आलं आणि काही आठवड्यांतच तिची स्कूटर वळणावर उभ्या असलेल्या ट्रकच्या मागच्या बाजूवर गेली. फोन हेल्मेटमध्ये गालाशी खोचलेला. तो वाजला, तिने एका हाताने ओढून काढला, नाव बघितलं. तेवढंच. डावा पाय गुडघ्यातून गेला तो कायमचाच अधू झाला.

तू दवाखान्यात भेटायला गेलीस. आई औषधं आणायला खाली गेली होती. तेव्हा ती तुला म्हणाली, आणि हे तू त्याच संध्याकाळी मला शब्दन्शब्द सांगितलंस, "मॅडम, फोन आईचा होता. कुठवर आलीस, ते विचारायला. नाही उचलला की ती घाबरते, परत परत करत बसते. मी तिला सांगितलंय, मैत्रिणीचा होता, आणि आई, तुझा वाजला तेव्हा मी आधीच पडले होते. तुम्ही काही बोलू नका हं."

तू बोलली नाहीस. शिवणवालीने मात्र मैत्रिणींना दारातून हाकललं. "माझ्या पोरीचं वाटोळं केलंत, आता तोंड दाखवू नका." मुलगी दुकानात स्टुलावर पाय ठेवून दिवसभर काज करत बसायची. बोलायला मशीन.

तुझी झोप उडाली ती तेव्हापासून. मग तू ते गाडीतलं प्रकरण काढलंस. गाडी बंद, मैदानात उभी. स्टिअरिंगवर एकेक पोरगं, त्याचा फोन मागच्या सीटवर टोपलीत. आधी मित्राला फोन करायला लावायचीस. पोरं हसायची, "वाजू दे की मॅडम." मग ठरल्याप्रमाणे घरून फोन यायचा. आणि हात आपोआप मागे! एक मुलगी म्हणाली, "आई आहे. नाही उचलला तर घरी गेल्यावर माझी खैर नाही." एक पोरगा म्हणाला, "बाबा नकाशावर बघतात आणि मग फोन करतात. गाडी चालतेय हे त्यांना दिसत असतं मॅडम, म्हणूनच करतात!"

त्या दिवशी तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलीस. "वहिनी, इतकी वर्षं मी चुकीच्या माणसांना शिकवत होते. कुठवर आलास, कुठवर आलीस. किती मायेने विचारतो आपण. आणि पोरं बिचारी त्या मायेपोटी रस्त्यावरची नजर काढतात." मी म्हटलं, मग आईबापांना बोलाव. म्हणालीस, "कुठल्या तोंडाने सांगू? शिवणवाली समोर बसणार."

तरी बोलावलंस. शाळेचं सभागृह, आईबाप मुलांना घेऊन आलेले. मी दुसऱ्या रांगेत होते. मुख्याध्यापिकेला अक्कल सुचली आणि तिने तुझ्याआधी शिवणवालीलाच बोलायला उभं केलं. ती बाई टेप गळ्यात तशीच ठेवून आली होती. माइक धरून तिने समोर बोट केलं. "ह्या बसल्यात तिच्या मैत्रिणी. ह्यांच्या गप्पांपायी माझी पोर लंगडी झाली." त्या मुली माना खाली घालून रडायला लागल्या. सभागृहभर माना डोलल्या. माझ्या शेजारचा गृहस्थ पुटपुटला, "हल्लीची मुलं म्हणजे, काय बोलायचं!" सगळ्यांना बरं वाटलं होतं. दोष पोरांचा निघाला होता, आता घरी जायला हरकत नव्हती.

तू उठलीस. तुझा उजवा पाय मला दिसला, फरशीवर गच्च दाबलेला.

"तो फोन मैत्रिणीचा नव्हता," म्हणालीस. "मी केला होता. कुठवर आलीस, ते विचारायला. काळजीने केला. ती गाडीवर असणार हे माहीत असून केला. तुम्ही रोज करता, तसाच."

शेजारच्या गृहस्थाने हातातला फोन मांडीवर पालथा ठेवला. शिवणवाली एवढंच म्हणाली, "तुम्ही? शिकवता तुम्ही, आणि तुम्हीच?" तिची मुलगी कुबडीवर जोर देऊन अर्धी उठली, तोंड उघडलं. तू तिच्याकडे पाहिलंस, शिकाऊ पोराने क्लच घाईने सोडला की पाहायचीस तसं. ती खाली बसली.

परतताना गाडीत मी तुला फाडून खाल्लं. "अक्कल कुठे गहाण टाकलीस? उद्या कोण पोरं पाठवेल तुझ्याकडे?"

"कुणी नाही," म्हणालीस. "पण ऐकलं ना सगळ्यांनी? मी 'तुम्ही' म्हटलं असतं तर उठून गेले असते. 'मी' म्हटलं म्हणून ऐकलं."

ऐकलं खरं. मैत्रिणी पुन्हा त्या दुकानात जायला लागल्या. चौकात आया पोरांना सांगायच्या, "पोचल्यावर कळव," आणि मग फोन उशाशी ठेवून गप्प बसायच्या. सगळ्या नव्हे, पण काही. तुझे शिकाऊ मात्र आटले. वर्षाच्या आत गाडी विकलीस. शिवणवाली तुला पाहून रस्ता ओलांडायची.

"तिला एकदा खरं सांगायला हवं," तू म्हणायचीस. "पोरगी सावरली की सांगू. तुम्ही चला बरोबर, एकटीला नाही जमायचं. पडदे शिवायला टाकतो म्हणून जाऊ. गिऱ्हाइकाच्या तोंडावर दार नाही लावत कुणी." आणि कापड आणलंसही, फिकट हिरवं. मग मुलीचं ऑपरेशन निघालं. मग परीक्षा. मग तिला नोकरी लागली, आनंदात कशाला विघ्न. मग तू किल्ल्या हरवायला लागलीस, नंतर रस्ते, नंतर माणसं. भावाचं नाव गेलं, शाळा गेल्या, गाडीसुद्धा गेली. सभागृहात बोललेलं खोटं तेवढं राहिलं, आणि ते तुला खरं वाटतं.

मागच्या रविवारी ती मुलगी आली होती. तुला आठवत नसेल. काठी टेकत आली, तुझ्याजवळ बसली. तू हुंदके देत होतीस म्हणून तुझा हात धरून म्हणाली, "मॅडम, ऐका ना. तो आईचा फोन होता. तुमचा नव्हता."

तू तिच्या गालावरून हात फिरवलास. "असं आईवर ढकलू नये बाळ," म्हणालीस.

ती जिन्यात बसून रडली. मी पाणी दिलं. म्हटलं, तूच का सांगत नाहीस आईला? म्हणाली, "मावशी, ती अजून रोज मला विचारते, कुठवर आलीस. बसमध्ये असते मी आता. विचारू दे." काठी उचलून गेली.

शिवणवाली अजून खिडकीत बसते. भाजी आणताना मला दिसते, मीही तिला दिसते. एकटी जाऊन मी तिला सांगू शकते. पण तिने येऊन तुझे पाय धरले तरी फोन माझाच होता म्हणून तू तिची समजूत काढशील आणि पुन्हा रडशील. म्हणून दुकानापुढून मी सरळ घरी येते. तुझ्या खिडकीला जुनेच पडदे आहेत, आणि हिरवं कापड माझ्या कपाटात आहे, दुकानदाराने घातलेल्या घडीत.